अर्धं मिनिट मागे

"जाहिरात. बंद करा, बटण," कॉम्प्युटरमधली बाई म्हणाली.

त्याने एंटर दाबलं. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणाऱ्या त्या यांत्रिक आवाजाला तो बाईच म्हणायचा. दृष्टी नसलेल्या माणसाला बाईशी भांडून चालत नाही. बाईने आणखी दोन बटणं वाचली, एक भलतीच लिंक उघडली, आणि एकदाचं मैदान कानात आलं. उत्तरार्ध सुरू झाला होता. नऊ नंबरच्या शर्टात त्याची मुलगी होती, दुखापतीनंतर प्रथमच.

बाहेरच्या खोलीत बायको आणि धाकटा भाऊ टीव्हीवर हीच मॅच बघत होते, आवाज बंद ठेवून. इंटरनेटवरचं समालोचन टीव्हीच्या अर्धं मिनिट मागे असायचं. पूर्वी गोल झाला की भाऊ घर डोक्यावर घ्यायचा आणि याच्या कानात बॉल अजून गोलकीपरच्या हातात. "मी पहिला घास घेतोय तोवर तुम्ही हात धुऊन मोकळे!" असं तो एकदा भडकला, तेव्हापासून घरात नियमच झाला. तो ओरडेपर्यंत कुणी ओरडायचं नाही. मग बाहेर सोफा करकरायचा, दबलेलं खिदळणं ऐकू यायचं. काय ते त्याला कळायचंच, पण तो साळसूदपणे बसून राहायचा. मग तिघं मिळून बोंबलायची.

आज मात्र गोलाचं त्याला काही पडलं नव्हतं. जीव तिच्या उजव्या गुडघ्यात अडकला होता. एवढ्यात खेळलीस तर पुन्हा कधीच खेळता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायकोही नकोच म्हणत होती. पण हा फिजिओथेरपिस्ट, आयुष्य लोकांचे सांधे चाचपण्यात गेलेलं. "बाबा, तुम्ही सांगाल तसं," म्हणून मुलगी पाय पुढे करून बसली. त्याने गुडघा वाकवला, फिरवला, दाबून पाहिला. हाताला पक्का लागला. "खेळ," तो म्हणाला. तिला खेळायचं होतं म्हणून तर तो पक्का लागला नसेल? सकाळपासून हा प्रश्न त्याला खात होता.

समालोचक रेंगाळत बोलत होता. बॉल गोलकीपरकडे होता. तेवढ्यात बाहेर सोफा करकरला.

झाला वाटतं गोल! तो गालातल्या गालात हसला आणि खिदळण्याची वाट पाहू लागला.

कुणीच खिदळलं नाही. भावाचा आवाज नाही, बायकोचा नाही. कानात मात्र समालोचकाला चेव चढला होता. "नऊ नंबरकडे बॉल! एकीला चकवलं, दुसरीलाही! काय धावतेय ही मुलगी!"

त्याचं बोट आपसूक स्पेसबारवर पडलं.

"थांबवलं," बाई म्हणाली.

बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिचा श्वास लागला होता.

"अहो, ऐकलंत का? तोच गुडघा. स्ट्रेचर मागवलंय तिच्यासाठी."

त्याने बोट उचललं नाही.

"थांब गं जरा," तो म्हणाला. "माझ्याकडे ती अजून धावतेय."