मामाचा रुसवा

देवीच्यान सांगते, अक्षर न् अक्षर खरं हाय.

उमरीच्या दिगूला लातूरच्या एका शेठनं लेकीच्या लग्नाचे फोटू काढायला दुबईला नेलं. कामाचा व्हिसा महाग, म्हणून शेठनं शिकवलं, “पासपोर्टवाल्यानं इचारलं तर नवरीचा मामा हाय म्हण.” दिगू मामा होऊन आत शिरला. लग्न उरकल्यावर बिचाऱ्यानं मजुरी मागितली, तर शेठ दात काढून म्हणला, “मामा कुठं पैसे मागतो का रे? मामानं आहेर करायचा असतो!”

दिगू फोटूसकट गावी आला अन् फोन लावला. “दाजी, मामा रुसलाय. पैसे आणा, फोटू न्या.”

शेठ हात जोडत उमरीला आला.

बरं बाई, एवढं एक खोटं. शेठ कशाचा येतो! मेल्याला लेकीच्या लग्नाचे फोटूबी महाग वाटले.