न चढलेली हळद

शाल्मलीताईने लग्नासाठी नवी त्वचा बसवून घेतली, तेव्हापासून रेवतीचा नुसता जळफळाट चालला होता. प्रयोगशाळेत वाढवलेली त्वचा ती. ना पुटकुळी, ना डाग, ना उन्हाने रापणं. अठरा पूर्ण झाल्याशिवाय ती कुणालाच मिळत नसे, आणि रेवती होती पंधराची.

हळदीला बायकांनी ताईला माखून काढलं. उरलेली हळद मामीने रेवतीच्या पुटकुळ्यांवर थापली.

"खरी गरज हिच्याच तोंडाला आहे," मामी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. रेवतीला वाटलं, ताईचा तो गुळगुळीत गाल ओरबाडावा.

आंघोळ करून दोघी बहिणी आरशापुढे आल्या. रेवतीचा चेहरा पिवळाजर्द झाला होता, पुटकुळ्यांसकट. ताईच्या चेहऱ्यावर मात्र हळदीची छटाही नव्हती. नव्या त्वचेत काही मुरतच नव्हतं.

"अगं बाई, नवरी तर हीच दिसतेय," मामी रेवतीकडे बघत म्हणाली.

ताईने पुन्हा मूठभर हळद गालावर घासली, धुतली, परत घासली. गाल कोराच राहिला. मग तिने आरशातूनच रेवतीकडे पाहिलं. ती नजर रेवतीने लगेच ओळखली. गेले दोन महिने ती स्वतः ताईकडे तशीच बघत होती.