साहेबांची पोच

निरोपांच्या रांगेचा तिचा हा पहिलाच प्रोग्राम. पाठवणारा भाग तिचा, घेणारा साहेबांचा. साहेब अजून आलेले नाहीत असं बघून तिने गमतीत चाचणीचा निरोप सोडला: ‘साहेबांना पोचच नाही.’

“आता पुसून टाकते.”

“पुसायचा अधिकार साहेबांना,” शेजारच्या टेबलावरचे काका म्हणाले. “निरोप रांगेत थांबतो. वाचून त्यांच्या प्रोग्रामने ‘मिळाला’ अशी पोच दिली नाही, तर तोच पुन्हा येतो.”

तिची नोकरी कायम व्हायला आठवडा उरला होता.

साहेब आले. काचेपलीकडे ते वाचत होते, कपाळाला आठ्या घालून पुन्हा वाचत होते. तिने राजीनाम्याची पहिली ओळ मनात जुळवली, तोच ते बाहेर आले.

“हे तू लिहिलंस?”

“हो, सर.”

“सतरा वेळा आलं, तेव्हा डोक्यात शिरलं. पोच द्यायची ओळच मी लिहिली नव्हती. नेमकी चूक पकडलीस. शाब्बास.”

केबिनचं दार लागल्यावर काका हळूच म्हणाले, “सतरा वेळा वाचला, तरी पोचला नाही. म्हणून तू वाचलीस.”