करपलेल्या दुधाचा चहा

"मॅडम, सर्दी झाली का मटणाचा रस्सा गरम पाण्यासारखा काऊन लागते?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून चेतनाने भर वर्गात विचारून टाकलं. पोरी खिदळल्या, मॅडम मात्र खूश झाल्या. "जिभेला गोड, खारट, आंबट, कडू असं थोडंच कळतं. बाकी सगळी चव नाकातून येते."

संध्याकाळी कामठा गावातल्या घरी रोजचाच तमाशा. बाबांनी आईने केलेल्या चहाचा एक घोट घेऊन कप खाली ठेवला. "आजही दूध करपवलं. ध्यान कुठं राहते तुझं, मोबाईलमध्ये?"

हिवाळ्यात आईला ताप येऊन गेला, तेव्हापासून ती हे ऐकत आली होती. आज चेतनाने तिच्याकडे नीट पाहिलं. आई तोच करपट चहा निवांत पीत होती.

चेतना उठली, ताजं दूध घालून दुसरा चहा केला आणि पहिलाही गरम करून आणला. "बाबा, डोळे मिटा, नाक दाबा, अन् करपलेला कोणता ते सांगा."

बाबांनी दोन्ही कपांतला घोट घेतला, पुन्हा घेतला. "दोन्ही गोडच तं आहेत, पोरी. सारखेच."

"आईले रोज असंच लागून राहिलं. तापानं तिले वास येणंच गेलं."

"मले वाटलं, माझा हातच बिघडला," आई हळूच म्हणाली.

"उद्या मी आईले गोंदियाले नाकाच्या डॉक्टरकडे नेऊन राहिली," चेतनाने जाहीर केलं. "अन् तिले वास येईपर्यंत दूध तुम्ही तापवाल, बाबा. तुमचं नाक लय तेज आहे."