डाव्या चाकाचं मशीन

"पैसे टाकू नकोस," नवरा म्हणाला. "आधी माझं ऐक."

टेलरबाईचं डोकं फिरलं. सकाळपासून तो तिच्या कानाशी लागला होता. ऑनलाइन लिलावात शेवटच्या क्षणापर्यंत तग धरून तिनं ते शिलाई मशीन जिंकलं होतं. कौतुक राहिलं बाजूला, हा माणूस काज-बटणं सोडून तिला अक्कल शिकवत बसला होता.

"विकणारा नवा आहे. त्याच्याबद्दल कुणी बरंवाईट एक अक्षर लिहिलेलं नाही."

"कधी ना कधी सगळेच नवे असतात."

"मशीनवरची नावाची पट्टी खरवडलेली आहे."

"जुनं आहे. झिजली असेल."

"आणि पैसे साइटवरून नकोत, सरळ माझ्या खात्यात टाका म्हणतो. अगं, इथंच तर खरी मेख आहे!"

"कमिशन वाचवतोय बिचारा."

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. मागे त्यानं असाच स्वस्तात मोबाईल मागवला होता आणि खोक्यातून साबणाच्या वड्या निघाल्या होत्या. त्या संपेपर्यंत घरात रोज आंघोळीच्या वेळी त्याचा उद्धार झाला. तेव्हापासून त्याच्याइतका सावध माणूस शोधून सापडला नसता.

पण त्याला काय कळणार? फोटोतल्या मशीनचं चाक डावीकडे होतं.

चाक उजवीकडे असतं. तिनं आजवर पाहिलेल्या एकूण एक मशीनचं. बाई डावखुरी. लहानपणी त्या हातावर पट्ट्या खाल्ल्या, शिवणाच्या वर्गात बोलणी खाल्ली आणि शेवटी उजव्या हाताला चाक फिरवायला शिकवलं. आता तोच उजवा खांदा आखडला होता. मोटर बसवली तरी सुई वर-खाली करायला चाकाला हात लावावाच लागतो, आणि लावला की डोळ्यांपुढे काजवे चमकत. डावा हात अंगावरून पलीकडे नेऊन ती कसंबसं रेटत होती. शिलाई वाकडी जात होती. जुनी गिऱ्हाइकं काही न बोलता दुसऱ्या दुकानाची पायरी चढू लागली होती. डॉक्टर म्हणाले, मशीन सोडा. म्हणजे दुकान सोडा. सांगायला त्यांचं काय जात होतं!

"डाव्या हाताचं आहे, असं त्यानं कुठं लिहिलंय का?" नवऱ्यानं विचारलं.

"फोटोत ढळढळीत दिसतंय की! लिहायचं काय त्यात? आणि ही बाजूला पडलेली कात्री बघा. तीही डाव्या हाताची. मला अशी कात्री मिळवायला किती खेटे घालावे लागले, आठवतंय ना? अहो, तो माणूसच डावखुरा आहे. आपल्यातला माणूस मला फसवेल?"

"आपल्यातला म्हणे! तू काय त्याला राखी..." असं काहीतरी तो बोलायला गेला, पण तिचा चेहरा बघून पुन्हा काज-बटणांकडे वळला.

फोन वाजला. विकणाऱ्याचा निरोप होता. ताई, दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, लवकर करा.

"बघ, घाई लावतोय! भामटे अशीच घाई लावतात."

"आता एक शब्द बोलाल तर बघा!"

ती फोन घेऊन उठली, ट्रायल रूममध्ये शिरली आणि पडदा ओढून घेतला. दुकानात नवऱ्यापासून सुटका मिळायची तेवढीच एक जागा होती. तिला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातासारखी वस्तू कुणीतरी बनवली होती, आणि तीही तिला कुणी सुखानं घेऊ देत नव्हतं.

पैसे पाठवण्याआधी तिनं फोटो पुन्हा एकदा मोठा केला. मशीनच्या मागे खुंटीवर पुरुषाचा शर्ट टांगलेला होता. बघू तरी, हा आपला डावखुरा भाऊ शिवतो कसा. कॉलर छान बसली होती. खिसा उजवीकडे होता. तिला हसू आलं. डावखुऱ्याला खिसा उजवीकडेच बरा पडतो. एका पोस्टमनला तिनं तसा शिवूनही दिला होता.

मग तिची नजर बटणांवर गेली. बटणं बायकांच्या बाजूला होती.

पुरुषाचा शर्ट, आणि बटणं बायकांच्या बाजूला. डावखुरा असला म्हणून काय झालं, असा शर्ट कुणी मागत नाही आणि कुठला शिंपी शिवत नाही. तिनं पुन्हा पाहिलं. एखादं बटण नाही, अख्खी पट्टीच तिकडे होती.

मग तिनं फोन समोरच्या आरशाकडे वळवला.

आरशात शर्टाची बटणं जागेवर आली. खिसा डावीकडे आला. कात्री कुठल्याही दुकानात मिळते तशी झाली. आणि चाक मुकाट्यानं उजवीकडे जाऊन बसलं. बाहेर तिचं जे मशीन होतं, तसलंच ते होतं. कुणाच्या तरी मशीनचा फोटो चोरला होता आणि ओळखू येऊ नये म्हणून उलटा करून टाकला होता. नावाची अक्षरं उलटी दिसली असती, म्हणून पट्टी फोटोतच खरवडली होती. तिला फसवायला म्हणून काही ते चाक डावीकडे नेलेलं नव्हतं. डावखुऱ्यांचा विचार त्या भामट्याच्याही मनात आला नव्हता.

"अहो," ती पडद्याआडून म्हणाली, "तक्रार कुठं करायची असते?"

'मी म्हटलं नव्हतं?' असं तो म्हणाला नाही. त्याबद्दलही तिला त्याचा राग आला.

"आण इकडे," तो हळूच म्हणाला. "मी करतो."

ती बाहेर गेली नाही. आरशात आता सगळं सरळ होतं. आरशातल्या बाईनं फोन उजव्या हातात धरला होता, आणि तिचा खांदा मुळीच दुखत नव्हता.