थोरल्या बाईसाहेबांची साक्ष

"हात शेकून घ्या गं आधी. पोटुशी बाई तपासायची आहे, घोडी नाही," थोरल्या बाईसाहेब, लेडी हॉनरिया म्हणाल्या आणि स्वतःच शेकोटीपुढे हात धरून उभ्या राहिल्या.

पलंगावर त्यांची सून टॅबिथा काळ्या कपड्यांत बसली होती. तिचा नवरा पेरेग्रीन शिकारीत घोड्यावरून पडून गेला, त्याला पाच महिने होत आले होते. हवेलीच्या दारावर घराण्याचं निशाण रंगवलेली सुतकाची फळी अजून तशीच होती. विधवेच्या पोटात खरोखर मूल आहे की सोंग आहे, हे बघायला कोर्टानं गावातल्या जाणत्या बायका नेमल्या होत्या. मूल असेल तर, मुलगा होवो की मुलगी, वेल्डनहर्स्टची जहागीर त्याची. नसेल तर धाकट्या दिराची, राल्फची.

बायका कितीही नेमल्या तरी शब्द चालणार थोरल्या बाईसाहेबांचा. दोन्हीकडच्या वकिलांनी ते मान्य केलं होतं. थोरला त्यांचाच, धाकटाही त्यांचाच. कुणासाठी म्हणून त्या खोटं बोलतील?

वर येताना जिन्यात राल्फ भेटला होता. बापाच्या तसबिरीखाली उभा. तेच मोठं नाक, तीच वर चढलेली डावी भुवई.

"आईसाहेब, वहिनीची अशी झडती घ्यावी असं माझ्या मनात नव्हतं. वकिलानं दावा लावला."

"मग काढून घे."

"आणि पोरांना काय खाऊ घालू? बापाकडून मला नाक मिळालं, बाकी सगळं दादाला. नाकावर घर चालत नाही." तो हसला. "नाहीच जमलं तर वसंतातल्या जहाजानं मद्रासला. कंपनीत कारकुनी करीन. तिथल्या उन्हात नाकही वितळेल म्हणतात."

"उगीच वटवट करू नकोस," बाईसाहेब म्हणाल्या आणि त्याच्याकडे न बघता वर चढल्या.

त्याच्याकडे त्या कधीच धड बघत नसत. पेरेग्रीनला नवा घोडा, याला त्याचा उतरलेला. पेरेग्रीन बाथ शहरी जाऊन पत्ते कुटणार, हा चिखलात उभा राहून कुळांची गटारं उपसून घेणार. थोरल्यावर जीव आहे बाईसाहेबांचा, असं स्वयंपाकघरात सगळे म्हणत. धाकटा समोर आला की त्यांना हटकून काहीतरी काम आठवे.

हात गरम झाले. दाई मिसेस प्लमली पुढे सरकली. बाईसाहेबांनी तिला कोपरानं मागे सारलं.

"आधी मी."

पोटाला त्यांनी हात लावलाच नाही. सुनेच्या मागे गेल्या, झग्यात हात घातला आणि बोटं कमरेभोवती फिरवली. बरगड्यांखाली. माकडहाडापाशी. नाडी, गाठ, शिवण चाचपत.

"अगं बाई! हे बरं सुचलं तुम्हाला," दाई म्हणाली. "माझा उभा जन्म बाळंतपणात गेला, मी आपली पुढूनच बघते."

"लबाडी मागून बांधलेली असते."

टॅबिथाचे डोळे भरून आले. "सासूबाई, मी बिअर गाळणाऱ्याची मुलगी आहे. चोराची नाही."

"चोर मोठ्या घरांतही निघतात, पोरी. गप्प पड."

मागे काही नव्हतं. मग त्यांनी पुढे येऊन पोटावर तळहात ठेवला. थोडा वेळ काहीच झालं नाही. आणि एकदम आतून लाथ बसली, चांगली जोरकस.

बाईसाहेबांचा चेहरा राखेसारखा झाला.

"काय हो?" दाईनं हळूच विचारलं. "कधी कधी वारा धरतो, कधी गाठ असते. तुम्ही म्हणाल तेच आम्ही म्हणू."

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. सगळ्या कुळांच्याच बायका. बाईसाहेबांनी 'नाही' म्हटलं की आज संध्याकाळी टॅबिथा बापाच्या घरी, आणि राल्फ या घराचा मालक. पुढे जन्मेल त्या मुलाचं तिथल्या बिअरच्या पिंपांमध्ये कोण ऐकून घेणार होतं? राल्फचं जहाज त्याच्याविना गेलं असतं.

बाईसाहेबांनी पोटावरचा तळहात काढून घेतला.

"बायबल आणा," शेवटी त्या म्हणाल्या.

त्यावर हात ठेवून त्यांनी साक्ष दिली. पोटात मूल आहे. जिवंत आहे.

खाली राल्फ टोपी हातात घेऊन उभा होता. जिन्यावरून उतरणाऱ्या बायकांच्या तोंडांकडे बघूनच त्याला कळलं. त्यानं आईचा हात उचलून ओठांना लावला.

"बरं झालं. दादाच्या मुलाच्या रूपानं बाबांचं रक्त तर राहिलं या घरात. आणि तुमच्या तोंडून खोटं निघणार नाही, हे मला ठाऊकच होतं."

बाईसाहेबांनी कठडा घट्ट धरला. "मद्रासला डोकं झाकून फिर," एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

तो गेला. त्या परत वर आल्या. खोलीत आता टॅबिथा एकटीच होती, उबेला पाय पांघरुणात घेऊन. तिचं रडू थांबलं होतं. सासूनं आपल्या बाजूनं शपथ घेतली, या आनंदात तिनं जागा करून दिली आणि त्यांचा हात ओढून पोटावर ठेवला.

"बघा ना, अजून उसळतंय. पेरेग्रीनही तुमच्या पोटात अशाच लाथा मारायचा का हो?"

खिडकीखालून राल्फच्या घोड्याच्या टापा फाटकाकडे जात होत्या. त्या ऐकू येईनाशा होईपर्यंत बाईसाहेबांनी वाट पाहिली.

"लाथा राल्फनं मारल्या," मग त्या म्हणाल्या. "पेरेग्रीनच्या वेळी मी उशी बांधली होती."