दाराजवळची खुर्ची

कोणीच बोलत नव्हते. रिंगणातल्या जुन्या लाकडी खुर्च्या तेवढ्या, कुणी श्वास घेतला तरी कुरकुरत होत्या. दाराजवळची खुर्ची मात्र तिच्यावर बसलेल्या नवख्या माणसाइतकीच मुकी होती. साठीचा गृहस्थ, दाढीचे खुंट वाढलेले, मांडीवर कॅनव्हासची जड पिशवी. तो हलला की पिशवीत लोखंड किणकिणे, आणि शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आपली खुर्ची वीतभर दूर सरकवत.

समलिंगी आणि पारलिंगी मुलांच्या आईबापांचा हा आधारगट दर गुरुवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमे. गट चालवणाऱ्या ताईंचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: नवख्याला चहा द्यायचा, विचारायचे काही नाही. गेल्या वर्षी एक आई आली होती. सगळ्यांनी मायेपोटी तिच्यावर प्रश्नांची अशी सरबत्ती केली की ती छत्री विसरून पळाली. ती छत्री अजून कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. त्यानंतर इकडे नवे कुणी फिरकले नव्हते. आज आलेला हा माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही, असे ताईंनी मनाशी ठरवले होते.

म्हणून तासभर बाकीचेच बोलले. बाईंनी आपली गोष्ट सांगितली. लेकीने "माझं एका मुलीवर प्रेम आहे" म्हटल्यावर त्यांनी तिला दार दाखवले होते, आणि मग सहा महिने तिने न उचललेल्या फोनची घंटा ऐकत बसल्या होत्या. नवखा माणूस चहा ढवळत राहिला. त्यात साखर घालायची राहून गेली होती.

मग ही शांतता. तिच्या अगदी टोकाला त्याने घसा खाकरला. रिंगण पुढे झुकले. तेरा खुर्च्या एकदम कुरकुरल्या.

"मी सुतार," तो म्हणाला. "खुर्च्यांचं काम आहे म्हणून आलो."

पहिल्यांदा हसू फुटले ते बाईंनाच. "अहो, मग तासभर मूग गिळून का बसलात?"

"कुणी विचारलंच नाही."

ताईही हसल्या. तीन वर्षे त्या वाचनालयाकडे सुतारासाठी अर्ज करत होत्या. मागितला सुतार, मिळाला सुतार. तरी ओंजळीतले पाणी निसटावे तसे काहीसे वाटले.

माणसे पांगली. सुताराने आपल्याच खुर्चीला उताणे केले आणि पाय सोडवायला घेतला. बाई कप गोळा करत होत्या.

"बाई," ओठांत स्क्रू धरून तो म्हणाला, "लेकीनं फोन उचलला, तेव्हा पहिल्यांदा काय बोललात?"

"काय बोलणार, कपाळ? चाळीस वर्षं वर्गावर ओरडले, आणि ऐन वेळी वाचा बसली. शेवटी तीच म्हणाली, आई, बोलू नकोस हवं तर, पण फोन ठेवू नकोस."

त्याचा पेचकस थांबला. मग एकाच स्क्रूवर उगाच फिरत राहिला.

"मुलं हट्टी असतात," तो म्हणाला.

"बापावर गेलेली जरा जास्तच," बाई म्हणाल्या आणि कप विसळायला गेल्या.

पाय सुटला. "हा घरी नेऊन नीट करावा लागेल," त्याने ताईंना सांगितले. "पुढच्या गुरुवारी आणतो." तीन पायांची खुर्ची भिंतीला टेकवून तो अवजारे आवरू लागला.

ताई ग्रंथपालांचे आभार मानायला गेल्या. ग्रंथपालांनी चष्मा कपाळावर चढवला. "कुठला सुतार? तुमचा अर्ज अजून माझ्या टेबलावरच पडलाय."

ताई परत खोलीत आल्या, तेव्हा तो नुकताच बाहेर पडला होता. एकेक खुर्ची हलवून पाहिली. प्रत्येक डुगडुगली. मग त्या जिन्याकडे धावल्या.

"काका, थांबा. इथल्या तेरा खुर्च्या मोडक्या आहेत, आणि तुम्ही पाय काढलात तो एकुलत्या एक धड खुर्चीचा. तुम्हाला बोलावलं तरी कुणी?"

प्रश्न तोंडून सुटला, आणि मगच ताईंना आपला नियम आठवला.

तो पायरीवर थबकला. त्याने वळून पाहिले नाही. खुर्चीचा पाय काखेत आणखी घट्ट धरला, आणि जिना उतरून गेला.